चार वर्षं राहून लिहितेय: परवडणाऱ्या भाड्याची वसाहत

‘इथे अर्ज करू का?’ असं हल्ली बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहिते. वसाहत नफ्यासाठी न चालणाऱ्या एका गृहसंस्थेची आहे. आम्ही इथे भाड्याने राहतो.

त्याआधी सहा वर्षांत पाच घरं बदलली. पगारातला जवळजवळ अर्धा पैसा भाड्यातच जायचा. इथे भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवतात आणि करार लांब मुदतीचा असतो. पैसे उरायला लागले, ते पहिल्याच महिन्यात जाणवलं. पण पुन्हा हलावं लागेल या धास्तीने मी दोन खोकी माळ्यावर तशीच बांधून ठेवली होती. ती सोडायला दुसरं वर्ष उजाडलं. मुलाची शाळा मात्र चार वर्षांत एकदाही बदलली नाही.

त्याला दमा आहे. आधीच्या घरात झोपायच्या खोलीच्या भिंतीला कायम ओल आणि बुरशी. त्याने दमा बळावतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मालकाने वरून रंग मारून दिला, आणि महिन्याभरात डाग परत वर आले. इथे खिडक्या समोरासमोर आहेत, वारा खेळतो, भिंती कोरड्या. पंप अजून लागतो, पण रात्री त्याला उठवून बसवायची वेळ क्वचितच येते.

आता सामाईक हॉलबद्दल. पहिलं वर्षभर तो रिकामाच असायचा. किल्ली व्यवस्थापकाकडे, संध्याकाळी पाचला कुलूप. म्हणजे माणसं कामावरून येणार तेव्हा हॉल बंद! संस्थेने फुगे लावून एक मेळावा घेतला, त्यालाही जेमतेम दहा जण आले. मग रहिवाशांच्या बैठकीत आम्ही किल्ली मागितली. दोन महिने नकार ऐकला, शेवटी मिळाली. आता किल्ली आठवड्याला एका घरी असते. संध्याकाळी मुलं तिथे अभ्यासाला बसतात, निवृत्त शिक्षिका असलेल्या तळमजल्यावरच्या आजी त्यांचं गणित घेतात. मागच्या वर्षी त्या दोन दिवस हॉलमध्ये आल्या नाहीत, तेव्हा मुलांनीच जाऊन दार वाजवलं. त्या तापाने फणफणल्या होत्या. आधीच्या पाच घरांत शेजारी कोण राहतं, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

तक्रारी आहेतच. लिफ्ट एकदा तीन आठवडे बंद होती आणि चौथ्या मजल्यावरचे चाकाच्या खुर्चीतले काका तेवढे दिवस घरातच अडकले. हे अक्षम्य आहे. बसथांबा वीस मिनिटांवर असल्याने भाड्यात वाचलेल्यातला काही भाग प्रवासात जातो. तळमजल्याची मोकळी जागाही गाड्यांनी भरली आहे. सिंगापूरच्या सरकारी वसाहतींत अनेक इमारतींखालचा मजला मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो; लग्नंही तिथेच होतात आणि अंत्यविधीही. आपल्याकडे निदान दोन बाकं तरी ठेवा, असं आम्ही लेखी दिलंय.

पाचपैकी चार तारे. पाचवा लिफ्टसाठी राखून ठेवलाय.

बघायला याल तर पावसाळ्यात या आणि भिंतीला हात लावून बघा. भाडं कधी आणि किती वाढेल, ते लेखी मागा. आणि हॉलची किल्ली कोणाकडे असते, ते कार्यालयात नको, जिन्यात भेटेल त्याला विचारा.