व्हीम एजंट फ्री: दुकानातल्या पीसीवर दीड वर्ष वापरून झाल्यावर

व्हीम एजंट फ्री म्हणजे पीसीचा बॅकअप घेणारं फुकट सॉफ्टवेअर. माझं सांगलीत डीटीपीचं (कॉम्प्युटरवर मजकूर-डिझाइन जुळवून छपाईला देण्याचं) छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, बिलबुकं, निवडणूक लागली की पत्रकं. पीसी एकच आणि सगळा संसार त्यात. कोरलड्रॉ ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना माहितीये, फाईल सेव्ह केली की शेजारी 'बॅकअप ऑफ' नावाची अजून एक फाईल पडते, आणि मी खरं सांगतो, कितीतरी वर्षं त्यालाच बॅकअप समजत होतो. त्याच फोल्डरमध्ये, त्याच डिस्कवर. पीसी चोरीला गेला तर चोराकडे दोन कॉप्या.

मग पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली आणि दर रविवारी अख्खा ई ड्राइव्ह कॉपी-पेस्ट चालू केला. ते रिप्लेस करू का विचारायचं, मी हो म्हणायचो. त्यात काय झालं, एका गिऱ्हाइकाच्या थोरल्या मुलाची पत्रिका उघडली, त्यातच धाकट्याची नावं टाकली, सेव्ह ॲज करायचं राहिलं आणि साधं सेव्ह दाबलं गेलं, रविवारी तीच बदललेली फाईल हार्ड डिस्कवरच्या जुन्या फाईलच्या डोक्यावर जाऊन बसली. पुढे थोरला आला, विवाह नोंदणीला पत्रिका लागते, घरात एकही शिल्लक नाही, एक प्रिंट मारून द्या म्हणाला. दोन्ही ठिकाणी धाकटा नवरदेव! जुन्या छापील नमुन्यांच्या गठ्ठ्यात एक प्रत सापडली म्हणून वाचलो, ती बघून परत टाईप केली.

तेव्हा कळलं की डिस्क उडण्यापेक्षा आपला हातच जास्त घात करतो, आणि त्यावर साधी कॉपी काही कामाची नाही, परवाची फाईल परवासारखी पाहिजे. इन्क्रिमेंटल बॅकअप म्हणजे तेच. वाण्याच्या वहीसारखं समजा, पहिल्या दिवशी अख्खी वही उतरवून घ्यायची आणि नंतर रोज फक्त त्या दिवसाची उधारी-जमा लिहायची. जागा थोडी लागते, वेळ थोडा लागतो आणि कुठल्याही तारखेला हिशोब काय होता ते काढता येतं.

आधी मॅक्रियम ह्या दुसऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरचं फुकटवालं टाकावं असं डोक्यात होतं, पण कंपनीने ते गुंडाळलंय, १ जानेवारी २०२४ पासून सपोर्ट बंद. विंडोजमधलं फाईल हिस्टरी पण आहे, वाईट नाहीये, पण ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स असल्या फोल्डरपुरतं, विंडोजच बंद पडलं तर ते उभं करून देत नाही. म्हणून व्हीम. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे हे, एका पीसीसाठी त्यांचा फुकट एजंट २०१५ पासून मिळतो. डाउनलोडला ईमेल टाकून अकाउंट काढावं लागतं, मग त्यांच्या मेल येत राहतात, तेवढी किंमत.

सेटअपमध्ये तीन पर्याय येतात, अख्खा कॉम्प्युटर, ठराविक ड्राइव्ह किंवा फक्त फोल्डर. मी पहिला घेतला आणि तुम्हीपण तोच घ्या, कारण फोल्डरवाला पर्याय हळू चालतो आणि त्यात विंडोज, फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर काही येत नाही. डीटीपीवाल्याला विचारा, मराठी फॉन्ट परत बसवणं आणि त्याचा कीबोर्ड लेआउट जुळवणं म्हणजे अख्खा दिवस गेला. हार्ड डिस्क आधी एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या, फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल बसतच नाही आणि इथे पहिली फाईल शेकड्यात असते.

माझा ४०० जीबीच्या आसपास डेटा होता, पहिली फुल फाईल ३०० जीबीची झाली. आधी चुकून काळ्या यूएसबी पोर्टला लावलेली तर अडीच तासाच्या वर दाखवायला लागलं, थांबवून निळ्या, म्हणजे वेगवान यूएसबी ३ च्या पोर्टला लावली, पाऊण तासात काम तमाम. त्यानंतर रोजचं पाच-सहा जीबी, दहा-बारा मिनिटं. बदललेले तुकडेच उचलतं, अख्खी फाईल परत घेत नाही. विंडोजचा मोठा अपडेट आला त्या दिवशी मात्र वीस जीबीच्या वर गेलं, त्याला घाबरायचं नाही. डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेले फाईलींचे तुकडे एकत्र लावणं) केलं तरी तसंच होतं, कारण तुकडे जागचे हलतात.

आता मला आवडलेली गोष्ट. हार्ड डिस्क जोडली की आपोआप बॅकअप सुरू, संपला की डिस्क आपोआप इजेक्ट, असं सेट करता येतं. कायम लावून ठेवलेली डिस्क म्हणजे रॅन्समवेअरला (फाईली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसला) आयतं ताट, पीसीबरोबर तीपण लॉक करून टाकणार. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी मी डिस्क लावतो, उदबत्ती लावतो, गल्ला मोजतो, तोवर झालेलं असतं. आणि डिस्क घरी नेतो, दुकानात ठेवत नाही. २०१९ चा पूर बघितलेल्याला ह्याचं कारण सांगायला नको.

किती दिवसांचं ठेवायचं हा आकडा सुरुवातीला छोटा असतो, तो वाढवा. हे महत्त्वाचंय. आपली चूक आपल्याला आठवड्यात कळेलच असं नाही. मी ३० ठेवलाय. आणि बॅकअप न झालेले दिवस ते मोजत नाही, म्हणजे गौरी-गणपतीला दुकान दहा दिवस बंद राहिलं तरी जुन्या तारखा गळत नाहीत. तीस भरले की सगळ्यात जुना इन्क्रिमेंट, म्हणजे एका दिवसाच्या बदलांची फाईल, पहिल्या फुल फाईलमध्ये मिसळून टाकतं, त्या वेळी स्वस्तातली डिस्क असेल तर ती बराच वेळ घुरघुरत बसते.

वाईट काय तर, ही साखळी आहे. मधली एक फाईल खराब झाली की तिच्या पुढच्या सगळ्या गेल्या, आणि पहिली गेली तर सगळंच गेलं. म्हणून त्या फोल्डरमध्ये जागा करायला म्हणून हाताने एकही फाईल उडवू नका. दुसरं, फुकटवाल्यात जॉब (काय, कुठे, कधी घ्यायचं हे ठरवलेला बॅकअप) एकच करता येतो, अख्खा पीसी इकडे आणि फक्त पत्रिका तिकडे असं जमत नाही. मी दुसऱ्या एका डिस्कवर महिन्यातनं एकदा हातानेच कॉपी मारून ती बहिणीकडे ठेवतो. इंटरफेस इंग्रजी आहे, व्हॉल्यूम, रिटेन्शन असले शब्द, नवख्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी शेजारी बसून दिलं तर बरं.

फाईल परत काढणं मात्र एकदम सोपं. तारीख निवडायची, ड्राइव्ह उघडतो तसा उघडतो, पाहिजे ती फाईल उचलायची. परवाच एका बिलबुकाचा जीएसटी नंबर कधी बदलला ह्यावरून गिऱ्हाइकाशी वाजलं होतं, तीन तारखांच्या फाईली काढून पुढ्यात ठेवल्या. चूक माझीच निघाली ती गोष्ट वेगळी, पण निघाली तरी.

अजून एक काम लगेच करा, रिकव्हरी मीडिया. म्हणजे एक पेनड्राइव्ह बनवून मिळतो, पीसी चालूच होईना झाला की त्यावरून बूट करून नव्या एसएसडीवर अख्खं सेटअप परत उतरवता येतं. मी एकदा मुद्दाम पडीक एसएसडी लावून करून बघितलं, फॉन्टसकट सगळं जसंच्या तसं उठलं. तो पेनड्राइव्ह नंतर पुतण्याने गाडीत गाणी वाजवायला फॉरमॅट मारून नेला. आता दुसरा बनवलाय, कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलाय आणि वर मार्करने लिहिलंय, गाणी नाहीत.