मॅन्युअल फिल्म कॅमेऱ्याला फ्लॅश घेताय? जुना ऑटो, नवा मॅन्युअल की टीटीएल

घरातला पेंटॅक्स के१००० नाहीतर निकॉन एफएम२ कपाटातून निघाला, मीटर चालतोय हे बघून झालं, एकदोन रोल उन्हात मारून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, संध्याकाळी आणि घरात काय करायचं. जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्यात ट्यूबलाइटखाली आयएसओ ४०० चा रोल घालून सुद्धा एफ/२ ला १/३० च्या आसपासच अडकायला होतं, समोरचा माणूस जरा हलला की गेला फोटो. मग फ्लॅश शोधायला निघालं की तीन प्रकार समोर येतात: सेन्सरवाला जुना ऑटो फ्लॅश (विविटार २८३ हा त्यातला सगळ्यात माहितीतला), नवा फुल मॅन्युअल फ्लॅश (गोडॉक्स टीटी६००, योंगनुओ वायएन५६० वगैरे), आणि महागडा टीटीएलवाला (लेन्समधून आत आलेला उजेड कॅमेऱ्याने मोजून चालणारा).

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरची माणसं, साखरपुडा, बारसं, जिथे कुणी एका जागी थांबत नाही तिथे जुना ऑटोच घ्या. निवांत बसवून पोर्ट्रेट काढायचे असतील, फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून लांब ठेवायचा असेल, तर नवा मॅन्युअल. टीटीएलसाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

टीटीएलचं पटकन सांगतो. के१०००, एफएम२, यशिका एफएक्स-३ या कॅमेऱ्यांमध्ये टीटीएल फ्लॅशची सोयच नाहीये, हॉटशूमधला (कॅमेऱ्यावर फ्लॅश बसतो ती खाच) मधला एक कॉन्टॅक्ट "आता मार" एवढंच सांगतो, किती उजेड टाकायचा ते नाही. त्यामुळे कितीही भारी टीटीएल फ्लॅश लावलात तरी त्याचं टीटीएल इथे चालणार नाही. ऑलिम्पस ओएम-२ (१९७५) किंवा निकॉन एफई२ असेल तर गोष्ट वेगळी, ते फिल्मवरून परत येणारा उजेड मोजून फ्लॅश बंद करतात, पण त्याला त्या काळातला त्यांच्याच सिस्टीमचा फ्लॅश लागतो, हल्ली डिजिटलसाठी निघालेल्या फ्लॅशचं टीटीएल त्यांच्यावर चालत नाही. दुकानदार म्हणेल घ्या साहेब, पुढे डिजिटलला पण चालेल, तर पुढचं पुढे बघू म्हणायचं.

आता कुठलाही फ्लॅश घेतलात तरी सिंक स्पीड (फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वरचा शटर स्पीड) सुटत नाही. के१००० ला १/६०, एफएक्स-३ आणि निकॉन एफएम१० ला १/१२५, एफएम२ ला आधीच्या मॉडेलवर १/२०० आणि नंतरच्यावर १/२५०, झेनिट ई ला फक्त १/३०. याच्या वरचा स्पीड लावला की शटरचे दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात, मधून फक्त एक फट सरकत जाते, फ्लॅशचा उजेड एका क्षणाचा असतो आणि फ्रेमचा एक भाग काळा येतो. खालचा स्पीड मात्र चालतो, उलट कधीकधी तोच हवा असतो. गोदाघाटावर संध्याकाळी दिवे लागलेत, समोर आजी बसलीय, तिथे १/१५ ला मारलं तर आजीचा चेहरा फ्लॅशने येतो आणि मागचे दिवे, पाण्यातला उजेड शटरच्या वेळातून येतो, १/६० ला मागे नुसता काळोख. आणि कॅमेऱ्यातल्या मीटरच्या काट्याकडे फ्लॅशसाठी बघू नका, त्याला फ्लॅशचा उजेड कळत नाही, तो फक्त तिथला आधीचा उजेड दाखवतो.

खरा फरक एक्स्पोजर कोण ठरवतं यात आहे. मॅन्युअल फ्लॅशमध्ये ते तुम्ही ठरवता. गाइड नंबर म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला माणसापर्यंतच्या मीटरमध्ये मोजलेल्या अंतराने भागलं की अपर्चर मिळतं. समजा गाइड नंबर ३६ आहे (विविटार २८३ चा आयएसओ १०० ला साधारण एवढाच), रोल कोडॅक गोल्ड २००, म्हणजे नंबर १.४ पट, धरा ५०. माणूस तीन मीटरवर, फुल पॉवरला एफ/१६. तुम्हाला एफ/८ वर काढायचंय तर दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे पॉवर १/४. इथवर सोपं आहे. पण तोच माणूस हसत हसत दीड मीटरवर आला की उजेड चौपट होतो, आता एफ/८ ठेवायचा तर पॉवर १/१६ करा, तोवर तो हसायचा थांबलेला असतो. बसवून काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये याचा काही त्रास नाही, एकदा अंतर ठरलं की आख्खा रोल त्याच सेटिंगवर निघतो, आणि तिथे मॅन्युअलसारखं भरवशाचं दुसरं काही नाही. मात्र टीटी६०० वर लिहिलेला ६० हा गाइड नंबर डोकं २०० मिमी झूमवर असतानाचा आहे, तुमच्या ५० मिमी लेन्ससाठी झूम हाताने ५० वर आणावा लागतो आणि नंबर बराच खाली येतो, फ्लॅशच्या माहितीपुस्तिकेतला तक्ता बघूनच हिशोब करा.

ऑटो फ्लॅशमध्ये हा हिशोब फ्लॅश स्वतः करतो. पुढच्या बाजूला एक छोटा सेन्सर असतो, समोरून परत येणारा उजेड पुरेसा झाला की आतलं थायरिस्टर सर्किट फ्लॅश तिथल्या तिथे तोडतं. तुम्ही फक्त आयएसओ लावायचा, २८३ वर पिवळा लाल निळा जांभळा यातला रंग निवडायचा, डायलवर त्या रंगासमोर जे अपर्चर दिसेल ते लेन्सवर लावायचं, बस. माणूस रेंजमध्ये पुढे आला मागे गेला तरी तुम्ही फक्त फोकस सांभाळा. आणि कॅमेऱ्याशी काही बोलायची गरज नाही म्हणून साठच्या दशकातल्या कॅमेऱ्यावर सुद्धा तो तेवढाच हुशार राहतो. त्याचा कमकुवतपणा एकच, समोर सगळं पांढरं असलं (पांढरी भिंत, पांढरी साडी) की तो लवकर थांबतो आणि फोटो डार्क येतो, काळा शालू असला की उलट. निगेटिव्ह फिल्मला एखादा स्टॉप जास्त उजेड सहज पचतो, म्हणून पांढरं जास्त असेल तिथे मी अपर्चर एक स्टॉप उघडतो.

बाउन्समध्ये (फ्लॅश छतावर मारून तिथून परत येणारा उजेड वापरणं) तर ऑटो फारच पुढे आहे. २८३ चं डोकं वर वळतं पण सेन्सर समोरच बघत राहतो, छतावरून येऊन माणसावर पडलेला उजेडच मोजतो, हिशोब शून्य. मॅन्युअलमध्ये छतापर्यंत आणि तिथून खाली असं अंतर धरून वर दोन स्टॉप अंदाजाने द्यावे लागतात. सिडको, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये छत पांढरं आणि खाली असतं तिथे बाउन्सचा फोटो इतका मऊ येतो की फ्लॅश वापरलाय हे कळत पण नाही. पण पंचवटीतल्या जुन्या वाड्यात वर काळपट सागवानी तुळया असतात, त्या उजेड गिळतात आणि जो परत येतो तो तपकिरी होऊन येतो. तिथे दोन्ही फ्लॅशचं बाउन्स विसरा.

वाड्यात नवा मॅन्युअल जिंकतो, कारण तो कॅमेऱ्यावरून उतरवता येतो. टीटी६०० मध्ये रेडिओ रिसीव्हर आतच आहे, हॉटशूवर ट्रिगर लावायचा, फ्लॅश सोप्याच्या कोपऱ्यात छत्रीला बांधून ठेवायचा, १/१२८ पर्यंत पॉवर खाली नेता येते. चौकातून येणारा दिवसाचा उजेड आणि बाजूने येणारा थोडासा फ्लॅश, दाराची चौकट, कोनाडा, माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सगळं उठून दिसतं, समोरून ठो मारलेल्या फ्लॅशमध्ये हे कधीच येत नाही. माझा जीव सगळ्यात जास्त या कामात आहे.

भरवशाचं बोलायचं तर नवा तो नवा. जुना ऑटो सेकंडहँडच मिळणार, स्टुडिओवाल्यांकडे जुन्या मालात विचारून बघा, पण तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. सेलच्या खोबणीत हिरवट गंज आहे का बघा. सेल घालून रेडी लाइट (फ्लॅश चार्ज झाला सांगणारा दिवा) यायची वाट बघा, बरीच वर्षं पडून असेल तर पहिल्यांदा वेळ लागेल, कपॅसिटर जागा व्हायला चारपाच वेळा चार्ज करून टेस्ट बटणाने मारा, तरी वेळ कमी होत नसेल तर सोडून द्या. मग ऑटोवर ठेवून जवळच्या भिंतीवर मारा, रेडी लाइट जवळजवळ लगेच परत यायला पाहिजे, आता सेन्सरवर बोट ठेवून मारा, झगझगीत फुल फ्लॅश पडून परत चार्ज व्हायला वेळ लागला पाहिजे. दोन्ही वेळा सारखंच झालं तर ऑटो मेलेला आहे. फ्लॅश उघडून दुरुस्त करायला स्वतः बसू नका, आत तीनशे व्होल्टच्या वर चार्ज साठलेला असतो. आणि जुन्या २८३ चा ट्रिगर व्होल्टेज दोनशेच्या पुढे असू शकतो, के१००० च्या मेकॅनिकल कॉन्टॅक्टला चालतं पण भावाच्या डिजिटलवर चुकून पण लावू नका.

रोल वाया न घालवता सिंक तपासायचं असेल तर कॅमेऱ्याची पाठ उघडा, फिल्म नको, लेन्स पूर्ण उघडा, सिंक स्पीड लावा, फ्लॅश लावून कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरा आणि मागून बघत बटण दाबा. पूर्ण चौकोन लख्ख दिसला तर ठीक, अर्धाच दिसला किंवा काहीच नाही तर स्पीड किंवा फ्लॅशची वायर लावायचं सॉकेट चुकलंय. जुन्या कॅमेऱ्यांवर एक्स आणि एफपी किंवा एम अशी दोन सॉकेट असतात, एफपी आणि एम हे जुन्या बल्बसाठीचे, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशची वायर एक्समध्येच जाते. मी रोल मुंबईला कुरिअर करतो, निकाल यायला दिवस जातात, त्यामुळे लग्नाच्या आदल्या दिवशी हे दोन मिनिटांचं काम करतोच.

तुमचा कॅमेरा झेनिट ई सारखा हॉटशू नसलेला असेल तर निवड अजून सोपी होते, पीसी वायर (कॅमेऱ्याच्या सॉकेटला फ्लॅश जोडणारी वायर) घेणारा फ्लॅश बघा, २८३ घेतो आणि वायएन५६० मध्ये पण पीसी पोर्ट आहे. टीटी६०० च हवा असेल तर पीसी ते हॉटशू ॲडॉप्टर सोबतच घ्या, आणि दोन्हीत चांगले एनआयएमएच (रिचार्जेबल) सेल घाला, साध्या अल्कलाइनवर फुल पॉवरचे फोटो काढताना रेडी लाइटची वाट बघत बसावं लागतं.