खणाच्या पर्सला बकरम की फोम?
पहिल्या पर्सला आतून इस्त्रीने चिकटणारं बकरम, म्हणजे कापडाला ताठपणा देणारं कडक कापड, लावलं. कापायला सोपं, टीपही सरळ येते. पण दोन महिन्यांत तळाशी घडी पडली, खणावर फुगे आले. इस्त्री नुसती फिरवली होती, दाबून धरली नव्हती.

दुसरीला फोम. पर्स ऐटीत उभी राहते, डबा आणि पाण्याची बाटली सहज पेलते. रोजच्या वापराला मी फोमच घेईन; छोट्या बटव्याला बकरम पुरतं. मात्र पट्ट्याच्या जोडावर सहा थर झाले आणि 14 नंबरची सुई कटकन मोडली. 16 नंबरची, म्हणजे अजून जाड सुई घातली, टाका मोठा केला, शिवणीत अडकलेला फोम कडेने कातरून टाकला, तेव्हा कुठे मशीन पुढे सरकलं.

खण उसवला की सुईची भोकं दिसतात. म्हणून आता आधी फोम लावलेल्या चिंधीवर टीप घालून बघते.