धान्यात माइट झालेत, वाळवायचं, हवाबंद करायचं की गोळ्या टाकायच्या?

पोत्याच्या शिवणीपाशी तपकिरी पिठासारखी धूळ साचलीये आणि चोळली की पुदिन्यासारखा उग्र वास येतोय, तर काळ्या कागदावर त्याचा छोटा ढीग करून थोडा वेळ ठेवा, आपोआप पसरला तर ते माइटच. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आठ पायांचे, कोळ्याच्या कुळातले. सोंडकिडा दाण्याला भोक पाडतो म्हणून लगेच कळतं, हे मात्र फुटक्या दाण्यातून नाहीतर सालीच्या चिरेतून शिरतात आणि आधी अंकुरच खातात, त्यामुळे दाणा वरून ठीक दिसतो पण पेरला की उगवत नाही.

माझं मत स्पष्ट आहे, पहिलं वाळवणंच. माइट हवेतला ओलावा ओढून जगतात, गव्हाचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत उतरवला की ते वाढूच शकत नाहीत, आणि बुरशीही थांबते जी खाऊन काही जाती पोसतात. यात मेहनत आहे, जागा लागते, आणि बियाणं असेल तर ४० अंशांच्या वर तापवू नका, नाहीतर वाचवायला निघालो तो अंकुर आपणच मारू.

हवाबंद पिशवी चांगली, पण वाळवल्यानंतरच. ओलं धान्य कोंबून बंद केलं तर आत आंबतं, आणि एक बारीक भोक पडलं तरी सगळं फुकट.

गोळ्यांचं म्हणाल तर त्यांतून सुटणाऱ्या फॉस्फिन या विषारी वायूने चालते-फिरते माइट मरतात पण अंडी बरीच तगतात, म्हणून एकदा टाकून गप्प बसलात की पुन्हा तेच, काही दिवसांनी दुसरा डोस द्यावाच लागतो. आणि हा वायू माणसालाही मारतो हो, राहत्या घरात तर अजिबात नको, मोठ्या गोदामात प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या. धान्य ओलंच ठेवून गोळ्या टाकणं मला पटत नाही, मूळ कारण तसंच राहतं ना.

थोडंसंच धान्य असेल तर डीप फ्रीजरमध्ये काही दिवस ठेवलं तरी काम होतं.

चाळताना मास्क लावा, ही धूळ दम्याच्या माणसाला फार त्रास देते, शिंका आणि खाज तर कुणालाही. फार माखलेलं धान्य जनावरांनाही घालू नका.

आणि वाळवून भरलं तरी दमट दिवसांत वरचा थर पुन्हा ओलावा धरतो, माइट तिथूनच परत सुरू होतात, तेव्हा हात खोल घालण्याआधी वरचंच धान्य नीट बघा.