हीथवरच्या ओरिएंटियरिंगसाठी पर्पल पेन कसं आहे?

ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरलेली ठिकाणं, म्हणजे कंट्रोल, क्रमानं शोधत धावायचा खेळ. त्याचे कोर्स, म्हणजे मार्ग, आखायचं पर्पल पेन हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं आणि पूर्ण मोफत आहे. वर्तुळं, रेषा, कंट्रोलची वर्णनं हे सगळं ते चोख काढतं. पण ॲशडाउन फॉरेस्ट किंवा न्यू फॉरेस्टसारख्या दक्षिण इंग्लंडमधल्या हीथवर, म्हणजे हेदर आणि गॉर्स या झुडपांच्या उघड्या माळावर, त्याचे रिपोर्ट जास्त उपयोगी पडतात. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांमुळे अशा जागा बहुधा थंडीतच मिळतात. म्हणजे वारा, धुकं आणि पाऊस धरूनच आखणी करायची.

सुरुवात नकाशापासून. ओकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची फाइल असेल तर स्केल आपोआप येतं. पीडीएफ असेल तर ते आपण भरायचं, आणि पीडीएफ आधीच कुणी पानात बसवायला लहान केलेली असेल तर सगळ्या लांब्या चुकतात. म्हणून आधी माहीत असलेलं एखादं अंतर मोजून बघावं. नकाशाचं मानक आयसॉम २०१७ निवडलं की कंट्रोलचं वर्तुळ १:१५,००० ला ५ मिमी येतं. १:१०,००० ला ते ७.५ मिमी हवं, त्यासाठी आकार बदलण्याचा पर्याय तपासा. हीथवर एकुलता एक खड्डा त्या जांभळ्या कडेखाली झाकला जाऊ शकतो. तिथे वर्तुळाला फट पाडायचं साधन आहे, ते जरूर वापरा.

आता हवामान. मूळ कोर्सची प्रत काढून त्यातून लांबचे, उंचावरचे कंट्रोल वगळा, की खराब हवेचा छोटा कोर्स तयार. तो आधीच छापून ठेवायचा, कारण सकाळी धुकं उतरल्यावर छपाईला वेळ नसतो. कोणता कंट्रोल कोणकोणत्या कोर्समध्ये आहे, याचा तक्ता क्रॉस-रेफरन्स रिपोर्ट देतो. वाऱ्यापावसात एखादा कंट्रोल काढायची वेळ आली तर कोणाचं काय बिघडेल ते एका नजरेत कळतं. कंट्रोल लावणाऱ्यांना आणि शेवटी गोळा करणाऱ्यांनाही हाच कागद द्यावा. ऑडिट रिपोर्ट जवळजवळचे कंट्रोल दाखवतो. सारख्या दिसणाऱ्या जमिनीवरच्या दोन खुणांवरचे कंट्रोल ६० मीटरच्या आत नकोतच. 66, 68, 86, 99 असे उलटे वाचता येणारे क्रमांक टाळायची सोयही आहे. भिजलेल्या नकाशावर गोंधळाला तेवढंच निमित्त पुरतं.

सॉफ्टवेअरला जे कळत नाही ते प्लॅनरनं, म्हणजे कोर्स आखणाऱ्यानंच बघायचं. कंट्रोलवर लावलेला ३० सेंटिमीटरचा केशरी-पांढरा झेंडा मोकळ्या माळावर लांबूनच दिसतो आणि दिशा काढायचं कामच उरत नाही. म्हणून कंट्रोल घळीत, खोलगट भागात किंवा झुडपाआड हवा. लांबी सरळ रेषेत मोजली जाते, पण गुडघाभर हेदरमधून धावायला पायवाटेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. चढ आपोआप येत नाही, समोच्च रेषा मोजून हातानं भरावा लागतो. ओलांडता न येणाऱ्या दलदलीला वळसा असेल तर त्या रेषेला वाकण द्या.

नकाशावर मोकळा मजकूर टाकता येतो. ‘हरवलात तर दक्षिणेला रस्त्यापर्यंत जा’ अशी सुरक्षेची दिशा प्रत्येक नकाशावर असू द्या. धुक्यात नवख्यांना तिचा फार आधार वाटतो. छपाई १०० टक्के आकारात, ‘पानात बसवा’ बंद करून, आणि लेझर प्रिंटरवर वॉटरप्रूफ कागदावर करा. इंकजेटची शाई पावसात पसरते.

कंडेस किंवा ओकॅड ही सॉफ्टवेअर विकत घेण्याची ऐपत आणि सवय असेल तर गोष्ट वेगळी, पण क्लबच्या साध्या स्पर्धेला हे पुरून उरतं. एक खबरदारी मात्र घ्या: कार्यक्रमाच्या फाइलमध्ये नकाशा नसतो, फक्त त्याचा संदर्भ असतो. कंट्रोलरकडे, म्हणजे आखणी तपासणाऱ्याकडे, पाठवताना दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये घालून पाठवा.