तयार डिलिव्हरी किट : पाकिटात काय आहे आणि काय नाही

माझ्या भाचीचं दुसरं बाळंतपण या हिवाळ्यात इंदूरला, लोकमान्य नगरच्या आमच्या घरी झालं. ठरवून आणि तयारी करून. त्यासाठी आणलेलं तयार डिलिव्हरी किट कसं निघालं आणि ते पुरेना म्हणून दवा बाजारातून काय काय आणावं लागलं, ते लिहिते आहे. कारण तेव्हापासून ओळखीतल्या चार मुलींनी मला विचारलं, "मावशी, कोणतं किट घेऊ?" चौघींनाही मी आधी उलट विचारलं, "डॉक्टरबाई काय म्हणाल्या?"

मी ३४ वर्षं सरकारी नोकरीत सिस्टर होते, त्यातली बरीचशी लेबर रूममध्ये गेली. म्हणून हे आधीच स्पष्ट सांगते. पहिलं सिझेरियन झालेलं असेल, जुळं असेल, बाळ पायाळू असेल, बीपी किंवा शुगर असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, वार खाली असेल, तर किट बघूसुद्धा नका, दवाखान्यात नाव नोंदवा. पहिलटकरणीलाही मी दवाखान्यातच जा म्हणेन. आमच्या भाचीचं पहिलं बाळंतपण सरळ झालेलं होतं, तपासण्या सगळ्या ठीक होत्या, डॉक्टरबाईंना सगळं माहीत होतं आणि कोणत्याही क्षणी भरती करून घ्यायला त्या तयार होत्या. घरापासून दवाखान्यापर्यंत जावयांनी दोनदा गाडी नेऊन पाहिली. रात्री दोनला १२ मिनिटं लागली, संध्याकाळी सातच्या गर्दीत २६. हातात अनुभव असलेल्या आम्ही दोघी होतो, मी आणि माझी जुनी सहकारी. दोघी का, ते पुढे येईल.

आता किट. दवा बाजारातल्या एका सर्जिकलच्या दुकानातून ४५० रुपयांना घेतलं. आत होतं ते असं : एक प्लास्टिकचं अंथरूण, दोन जोड हातमोजे, एक ब्लेड, नाळेचे दोन चिमटे, गॉझ, कापूस, एप्रन, टोपी, साबणाची छोटी वडी, बाळाचा श्लेष्मा ओढायची नळी आणि बाळाला गुंडाळायचा कागदासारखा कपडा. पाकीट चांगलं बंद होतं, निर्जंतुक केल्याची खूण आणि मुदतीची तारीख दोन्ही छापलेल्या होत्या. ब्लेड उत्तम. गॉझ उत्तम. इथपर्यंत समाधान.

हातमोजे मात्र साडेसात नंबरचे. माझा हात साडेसहाचा. बोटांच्या टोकाला रबर लोंबत असेल तर नाळ धरताना घसरते, आणि ती घसरून चालत नाही. दुसरं, बाळाचा तो कागदी कपडा पाणी टिपतच नाही. ओल्या बाळाला त्यात गुंडाळलं तर ते ओलंच राहील आणि गार पडेल. बनवणाऱ्याने बाळ कोरडं करून पाहिलेलं नाही, हे तो कपडा हातात घेताच कळतं. साबण दोन वेळा हात धुण्यापुरता. प्लास्टिक पातळ, टाच घासली की फाटेल असं.

तरीही या किटला मी वाईट म्हणणार नाही, आणि त्याचं कारण माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आहे. नव्वदच्या दशकात देपालपूरकडच्या गावांमध्ये आम्ही दायांना अशीच किटं वाटायचो. साबण, ब्लेड, धागा, प्लास्टिक. बोटांवर मोजून घोकून घ्यायचो : हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, धागा स्वच्छ, आणि नाळेला काही लावायचं नाही. शेण नाही, राख नाही, हळद नाही, तेल नाही. त्याआधी विळ्याने नाळ कापलेली बाळं आमच्याकडे सहाव्या-सातव्या दिवशी यायची. जबडा घट्ट मिटलेला, दूध ओढता येत नाही, नुसत्या हाताच्या स्पर्शाने अंग ताठ होतंय. धनुर्वात. २०१५ साली आईचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जाहीर झालं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर त्या चार आण्याच्या ब्लेडी आल्या. आईला दिलेल्या टीटीच्या सुयांचं आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांचं श्रेय त्यात मोठं आहे, पण ब्लेडीचा वाटा मी विसरणार नाही.

म्हणजे हे किट स्वच्छतेसाठी आहे. ते काम ते करतं. पण बाळंतपणात जीव जातो तो बहुतेकदा दुसऱ्या दोन गोष्टींनी : आईच्या अंगावरून फार रक्त गेलं तर, आणि बाळाने श्वास घेतला नाही तर. या दोन्हींसाठी त्या ४५० रुपयांत काहीही नाही, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'संपूर्ण' असं छापलेलं आहे. ते 'संपूर्ण' वाचून एखादं घर निर्धास्त होईल, याचा मला खरंच त्रास झाला.

म्हणून दवा बाजाराची दुसरी फेरी. आर.एन.टी. मार्गावरच्या या बाजारात मी नोकरीत असल्यापासून जाते. एकाला एक लागून दुकानं, जिने चढून पहिला-दुसरा मजला, खोक्यांतून वाट काढायची. दुपारी एकच्या आत जावं, नंतर ठोक गिऱ्हाइकांची गर्दी होते आणि दोन हातमोज्यांच्या गिऱ्हाइकाकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

हातमोजे घेताना एक लक्षात ठेवा. शंभराचं खोकं तपासणीच्या हातमोज्यांचं असतं, ते निर्जंतुक नसतात. बाळंतपणाला एकेक जोड वेगळ्या पाकिटात बंद असलेले घ्यायचे, नंबर सांगून. मी साडेसहाचे सहा जोड आणि सहकारीसाठी सातचे चार घेतले. नाळेचे चिमटे आठ रुपयांना एक, असे चार सुटे घेतले. अंडरपॅड, म्हणजे खाली अंथरायचे ओल शोषणारे पॅड, मोठ्या मापाचे वीस.

सगळ्यांत महाग वस्तू म्हणजे नवजात बाळाची अंबू बॅग, म्हणजे मास्क लावून हाताने दाबून हवा द्यायची पिशवी, २५० मिलीची, सोबत शून्य आणि एक नंबरचे मास्क. १,३५० रुपये. दुकानदारांनी मोठ्या माणसाची बॅग आधी काढली, ती मी परत केली. तिने बाळाच्या फुप्फुसात नको इतकी हवा जाईल. लहान बॅग घेऊन काउंटरवरच तळहातावर मास्क दाबून पाहिली, झडप उघडते-मिटते का ते पाहिलं. जन्मल्यावर पुसून, पाठ चोळूनही बाळ श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅगने हवा द्यायला सुरुवात व्हायला हवी. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाच्या ट्रेनिंगमध्ये बाहुलीवर हे आमच्याकडून इतक्यांदा करून घेतलं होतं की झोपेत उठवलं तरी हात तिकडे जातील. ज्याने हे शिकलेलं नाही त्याने बॅग घेऊन उपयोग नाही, आणि हे शिकलेलं माणूस शेजारी नसेल तर घरी बाळंतपण करायचंच नाही. दोघी हव्यात त्या यासाठीच. एकीने आईकडे बघायचं, एकीने बाळाकडे. दोन्ही संकटं एकाच मिनिटात येऊ शकतात.

श्लेष्मा ओढायची नळी किटमध्ये होतीच. पूर्वी आम्ही ती सरसकट प्रत्येक बाळाला वापरायचो. आता रडणाऱ्या बाळाला ती घालत नाहीत, तोंड-नाक नुसतं पुसायचं.

आईचा रक्तस्राव आवरणारी ऑक्सिटोसिनची इंजेक्शनं मागितली तर दुकानदार म्हणाले, "सिस्टर जी, पर्चा लगेगा." मी पर्स उघडून डॉक्टरबाईंची चिठ्ठी दिली. त्यांनी ती पूर्ण वाचली, तारीख पाहिली, वहीत नोंद केली, फ्रिजमधून डबी काढली आणि बर्फाची पिशवी घातलेल्या थर्माकोलच्या डब्यात देत बजावलं, "सीधे घर जाइए, रास्ते में पोहे खाने मत रुकिए." तीस वर्षांची ओळख असून चिठ्ठी मागणारं दुकान मला हवं होतं. हे औषध २ ते ८ अंशांत राहिलं पाहिजे. फ्रीझरमध्ये नाही, दारातल्या कप्प्यातही नाही, कारण दार दिवसातून पन्नासदा उघडतं. आमच्याकडे ते मधल्या फळीवर, विरजणाच्या भांड्यामागे, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि घरात सगळ्यांना दाखवून ठेवलं. शेजारी बाळाचं व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, तेही चिठ्ठीवरच.

कापडाचं काम मात्र घरातच चांगलं होतं. एम.टी. क्लॉथ मार्केटमधून दहा मीटर मलमल आणली, आणि ताईची मऊ झालेली सुती लुगडी कपाटातून काढली. खळ जाईपर्यंत धुवायची, उकळायची, कडक उन्हात वाळवायची, दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री करायची, आणि लगेच स्वच्छ पिशवीत घालून तोंड बांधायचं. अशी आठ फडकी बाळासाठी, बाकी आईसाठी. धुवट लुगडं जितकं पाणी टिपतं तितकं विकतचं काहीच टिपत नाही. कात्री आणि स्टीलचे चिमटे (नाळेचे नव्हेत) कुकरमध्ये वाफवून घेतले.

पलंगाची मांडणी अशी : गादीवर मेणकापड, त्यावर रोजची धुतलेली चादर, त्यावर पुन्हा मेणकापड, त्यावर जुनी चादर आणि अंडरपॅड. बाळंतपण झालं की वरचे थर गुंडाळून काढायचे, खाली कोरडा बिछाना तयार. दमलेल्या बाईला उठवून बसवावं लागत नाही.

खोलीच्या उबेवरून घरात थोडा वाद झाला. पौषातल्या रात्री इथे हाडं गारठतात. वहिनींचं म्हणणं, नेहमीसारखी शेगडी ठेवू, ओव्याची धुरी देऊ. मी ठाम नाही म्हटलं. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, आणि आई-बाळ झोपेतच जातात. वहिनींना वाईट वाटलं, पण त्यांनी ऐकलं. तेलाचा हीटर लावला, भिंतीवर थर्मामीटर टांगला आणि खोली २६ अंशांवर ठेवली. बाळाची फडकी गरम पाण्याच्या पिशवीभोवती गुंडाळून ठेवायचं काम वहिनींकडेच दिलं. नुसतं बसून राहा म्हटलं असतं तर त्या थांबणाऱ्या नव्हत्या, आणि हे काम त्यांच्याइतकं नेमकं कुणी केलं नसतं.

दाराशी एक पिशवी भरून ठेवली होती : सगळे रिपोर्ट, रक्तगट, त्याच गटाच्या दोन माणसांचे फोन नंबर, पैसे, आईचे-बाळाचे कपडे. गाडी फाटकाकडे तोंड करून, पेट्रोल भरून. डॉक्टरबाईंचा आणि १०८चा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत.

कळा रात्री साडेअकराला लागल्या. पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी मुलगी झाली. सहकारीने गरम लुगड्याने पुसायला घेतलं, ओलं फडकं टाकून दुसरं कोरडं घेतलं, पाठ चोळली, आणि पोरीने टाहो फोडला. बॅग शेजारी उघडून ठेवलेली होती, लागली नाही. बाळ आईच्या उघड्या छातीवर, वरून पांघरूण. पोटात दुसरं बाळ नाही हे चाचपून पहिल्या मिनिटात मांडीत ऑक्सिटोसिन दिलं. नाळेची धडधड थांबेपर्यंत थांबलो. मग किटमधला चिमटा लावला, आणि तो 'कट्' करून बसलाच नाही. थोडं ओढून पाहिलं तर उघडला. नाळ कापण्याआधी हे लक्षात आलं म्हणून ठीक. नंतर आलं असतं तर बाळाचं रक्त गेलं असतं. तो टाकला, दवा बाजारचा सुटा आठ रुपयांचा लावला, तो पक्का बसला.

वार नऊ मिनिटांत पडली, पूर्ण आहे ना ते पसरून पाहिलं. अंगावर किती गेलं ते डोळ्यांच्या अंदाजाने मी कधी ठरवत नाही, डोळा नेहमी कमी सांगतो. कोरड्या अंडरपॅडचं वजन आधीच लिहून ठेवलं होतं. भिजलेले पॅड पिशवीत घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. वाढलेलं प्रत्येक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. २८० भरलं. ५०० कडे काटा जाऊ लागला असता तर गाडी निघाली असती. पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी आणि गर्भपिशवी घट्ट आहे ना ते पाहिलं. त्याच सकाळी बाळाला डॉक्टरांकडून तपासून घेतलं, बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बीची सुई २४ तासांच्या आत झाली. पहिली आंघोळ दुसऱ्या दिवशी.

घरी झालेल्या जन्माची नोंद करायची जबाबदारी घरच्यांवर असते, हे जावयांना माहीत नव्हतं. २१ दिवसांच्या आत नोंद फुकट होते. नवव्या दिवशी त्यांनी महापालिकेत जाऊन ती केली. आता शाळेपासून पुढे सगळीकडे हाच दाखला मागतात.

किटला मी पाचपैकी तीन तारे देते. ब्लेड, गॉझ आणि बंद पाकीट यांचे ते तीन. कपडा आणि चिमटा यांचे दोन कापले. घ्यायचंच असेल तर घ्या, पण चिमटे, हातमोजे आणि फडकी आपली वेगळी ठेवा. दवा बाजाराला पाचपैकी पाच. सगळी खरेदी मिळून ३,९०० रुपयांच्या आसपास गेली.

बारशानंतर तो न बसलेला चिमटा आणि किटचं रिकामं पाकीट घेऊन मी दुकानात गेले. दुकानदारांनी चिमटा हातात घेऊन चार वेळा लावून पाहिला, पाकिटावरचा लॉट नंबर लिहून घेतला, कंपनीला तिथेच फोन लावला आणि फळीवर उरलेली त्याच लॉटची सात किटं खाली काढून टेबलाखालच्या खोक्यात टाकली.