ब्रिटिश म्युझियमचे दालन 95: निळ्या-पांढऱ्या चिनी मातीसाठी वेळ राखून ठेवावा असे ठिकाण

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाणारे आपले पर्यटक सहसा इजिप्तच्या ममी आणि अमरावतीची शिल्पे पाहून परततात. चिनी मातीच्या भांड्यांचे दालन 95 मात्र त्यांच्या यादीत क्वचितच असते, आणि मला याची खरोखर हळहळ वाटते. येथील सुमारे 1,700 वस्तूंचा संग्रह ज्यांनी उभा केला, ते सर पर्सिव्हल डेव्हिड 1892 मध्ये मुंबईत एका बगदादी ज्यू कुटुंबात जन्मले होते. त्यांचे वडील सर ससून डेव्हिड हे बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक. हा संग्रह पूर्वी लंडनमध्येच गॉर्डन स्क्वेअरमधील स्वतंत्र वास्तूत होता. 2009 पासून तो या दालनात पाहायला मिळतो, आणि तो म्युझियमला कायमचा भेट देण्याचा निर्णय विश्वस्तांनी 2024 मध्ये जाहीर केला.

दालनात शिरल्यावर आधी ‘डेव्हिड फुलदाण्या’ गाठाव्यात. सुमारे 63 सेंटिमीटर उंचीच्या, हत्तीच्या तोंडाच्या आकाराचे कान असलेल्या या जोडीवर मानेभोवती केळीची पाने रंगवली आहेत आणि त्या पानांमधल्या जागेत निळ्या अक्षरांत मजकूर लिहिला आहे. झांग वेनजिन नावाच्या भाविकाने घरच्यांच्या सुखशांतीसाठी एक धूपपात्र आणि या दोन फुलदाण्या एका ताओपंथी मंदिराला 1351 मध्ये अर्पण केल्या, असे त्यातून कळते. धूपपात्राचा आजवर पत्ता लागलेला नाही. फुलदाण्याही एकमेकींपासून दुरावल्या होत्या. डेव्हिड यांनी त्या दोन वेगवेगळ्या संग्रहांतून मिळवून पुन्हा एकत्र आणल्या. हा मजकूर 1929 मध्ये अभ्यासकांपुढे आला, परंतु त्याचे पूर्ण मोल 1950 च्या दशकात कळले. अमेरिकन अभ्यासक जॉन पोप यांनी या फुलदाण्यांवरील नक्षी प्रमाण मानून इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील आणि इराणमधील अर्दबीलच्या संग्रहातील भांडी ताडून पाहिली. तेव्हा निळ्या-पांढऱ्या भांड्यांची ही कला चीनमधील मिंग घराण्याच्या आधीच, म्हणजे मंगोल युआन राजवटीतच, पूर्ण बहरली होती हे सिद्ध झाले.

नक्षी वरून खाली सावकाश पाहावी. शेवंतीची वेल, केळीची पाने, ढगांमधले फीनिक्स पक्षी, कमळाची वेल, मग फुलदाणीच्या पोटाला वेढून जाणारा चार नख्यांचा ड्रॅगन, त्याखाली लाटा, पिओनीची फुले आणि तळाशी पाकळ्यांसारखे कप्पे, असे पट्टे एकावर एक रचले आहेत. कोबाल्ट या धातूपासूनचा निळा रंग न भाजलेल्या कच्च्या भांड्यावर कुंचल्याने दिला जातो, त्यावर पारदर्शक झिलई चढवतात आणि मग दोन्ही एकदमच सुमारे 1,300 अंश सेल्सिअसला भाजले जाते. कोरडी माती रंग तत्काळ शोषून घेत असल्यामुळे चुकलेली रेघ पुसण्याची सोय नसते. हे ध्यानात ठेवून ड्रॅगनच्या अंगावरचे खवले जवळून पाहिले म्हणजे जिंगदेझेन या चिनी भांड्यांच्या केंद्रातील कारागिराचा हात किती तयार होता हे उमगते. तरीही माझे स्पष्ट मत असे की या फुलदाण्या दालनातील सर्वांत सुंदर वस्तू नव्हेत, कारण इतक्या पट्ट्यांच्या दाटीत नजरेला विसावा मिळत नाही.

तो विसावा पंधराव्या शतकातील भांड्यांत मिळतो. श्वानद या मिंग सम्राटाच्या काळातील (1426–1435) कामात पांढऱ्या जागेला नक्षीइतकाच मान दिलेला असतो. परदेशातून आलेल्या कोबाल्टमध्ये लोहाचे प्रमाण अधिक असल्याने, रंग जेथे जाड बसला तेथे लोह झिलईतून वर येऊन काळपट ठिपके उमटले आहेत. मुळात हा भट्टीतला दोष. पण पुढे अठराव्या शतकातील कारागिरांना तो इतका भावला की त्यांनी कुंचल्याने मुद्दाम ठिपके देऊन त्याची नक्कल केली. अस्सल ठिपका झिलईत किंचित रुतलेला आणि अनियमित असतो, तर नकलेतले ठिपके शिस्तीत बसवल्यासारखे वाटतात. पुढच्या चंगह्वा या मिंग सम्राटाच्या काळातील (1465–1487) निळा रंग याहून मवाळ असतो; बारीक बाह्यरेषा आखून आत पातळ रंग भरण्याची ती रीत मला व्यक्तिशः अधिक प्रिय आहे.

दालनात कपाटे वस्तूंनी भरगच्च आहेत. अभ्यासकाला ही पर्वणीच आहे. नवख्याने मात्र सगळे पाहण्याचा हट्ट न धरता निळ्या-पांढऱ्या भांड्यांपुरते पाहावे आणि किमान दीड तास हाताशी ठेवावा. म्युझियमला प्रवेश विनामूल्य आहे आणि माँटेग्यू प्लेसकडील उत्तरेच्या दारातून आत गेल्यास हे दालन जवळ पडते. दालने कधीकधी बंद ठेवली जातात, त्यामुळे निघण्यापूर्वी संकेतस्थळावर खात्री करावी. ज्यांना लंडनला जाणे शक्य नाही त्यांनी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाने दिलेली चिनी भांडी पाहावीत. निळ्या रंगाच्या छटा डोळ्यांत बसवण्यासाठी तीही उत्तम आहेत.